मे महिन्यातला तिसरा मंगळवार: न्यूयॉर्कमध्ये शाळेच्या बजेटवर मत कसं दिलं जातं

दरवर्षी मे महिन्याची दहा-बारा तारीख उलटली की आमच्या पोस्टाच्या पेटीत स्कूल डिस्ट्रिक्टचं एक पत्रक येतं. सुपरमार्केटच्या कुपनांच्या गठ्ठ्यात ते असतं आणि पुष्कळ घरांतून त्या गठ्ठ्याबरोबरच रद्दीत जातं. लाँग आयलंडला राहायला आल्यावर पहिली काही वर्षं आमच्याही घरातून ते तसंच गेलं. आता मी ते फ्रिजवर लावून ठेवते. त्यात तीन रकान्यांचा एक तक्ता असतो. पहिल्या रकान्यात शाळांचं चालू वर्षाचं बजेट, दुसऱ्यात पुढच्या वर्षासाठी मागितलेलं बजेट, आणि तिसऱ्यात मतदारांनी ‘नाही’ म्हटलं तर लागू होईल ते बजेट. हे तीन आकडे वाचता आले की आपल्या मुलांची शाळा कोणाच्या पैशावर आणि कोणाच्या होकारावर चालते, ते कळतं. म्हणून हा लेख त्या तीन रकान्यांबद्दल आहे, आणि त्याच दिवशी होणाऱ्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीबद्दलही.

मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी न्यूयॉर्क राज्यातल्या जवळपास पावणेसातशे स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये एकाच दिवशी हे मतदान होतं. २०२५ मध्ये ते २० मे रोजी झालं, २०२६ साठीची तारीख १९ मे. राष्ट्राध्यक्ष निवडताना रांगा लावणारे लोक या मंगळवारी फिरकत नाहीत. हजारो मतदारांच्या डिस्ट्रिक्टमध्येही निकाल काही शे मतांवर फिरू शकतो, आणि तो निकाल तुमच्या घरपट्टीतला सगळ्यात मोठा भाग ठरवतो.

आधी ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे काय ते बघू. इथे दोन मराठी कुटुंबं भेटली की दहा मिनिटांत प्रश्न येतोच: “घर कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये घेतलंत?” गावाचं नाव कोणी विचारत नाही. कारण स्कूल डिस्ट्रिक्ट ही स्वतंत्र स्थानिक सत्ता आहे. तिची हद्द वेगळी, तिचं निवडून आलेलं मंडळ (स्कूल बोर्ड) वेगळं, आणि कर उभारण्याचा तिचा अधिकारही वेगळा. ही हद्द गावाच्या हद्दीशी जुळतेच असं नाही. पत्त्यावर एकाच गावाचं नाव असलेली समोरासमोरची दोन घरं दोन डिस्ट्रिक्टमध्ये असू शकतात. लाँग आयलंडवर नासाऊ आणि सफोक या दोन काउंट्यांत मिळून सव्वाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत.

आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा असते, तिच्या शिक्षकांचा पगार राज्य सरकारकडून येतो. पुण्यात किंवा ठाण्यात घर असेल तर महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलात ‘शिक्षण कर’ अशी एक ओळ असते. १९६२ च्या कायद्याने आलेला तो कर महापालिका राज्याच्या वतीने गोळा करते. ती ओळ किती रुपयांची असावी हे आपल्याला कधी कोणी विचारलेलं नाही. इथे शाळेचा कर बहुतेक ठिकाणी वेगळ्या बिलानेच येतो आणि लाँग आयलंडवर तो एकूण घरपट्टीच्या निम्म्याहून बराच जास्त असतो. आणि तो वाढवण्याआधी लोकांना विचारावं लागतं. गावच्या ग्रामसभेत वर्षाचा जमाखर्च मांडून हात वर करायला सांगावं, तसा हा प्रकार आहे. तुलना ओढूनताणून केलेली नाही, कारण कायद्याच्या भाषेत या दिवसाचं नाव अजूनही डिस्ट्रिक्टची ‘वार्षिक सभा’ असंच आहे.

पैसा येतो कुठून

शाळांचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून असं चालतं. पैशाचे मोठे स्रोत दोन: राज्य सरकारचं अनुदान आणि स्थानिक घरपट्टी. केंद्र सरकारचा वाटा त्यामानाने लहान. श्रीमंत उपनगरांत घरपट्टीचा भाग मोठा आणि अनुदानाचा लहान असतो, गरीब डिस्ट्रिक्टमध्ये उलट. ही विषमता दूर व्हावी म्हणून १९९३ मध्ये राज्याविरुद्ध मोठा खटला दाखल झाला, तो वर्षानुवर्षं चालला, आणि त्यातून २००७ मध्ये ‘फाउंडेशन एड’ नावाचं अनुदानाचं सूत्र आलं. त्याप्रमाणे पूर्ण पैसे मिळायला २०२३-२४ उजाडलं. एका विद्यार्थ्यामागे होणारा खर्च न्यूयॉर्कमध्ये देशात सगळ्यात जास्त, वर्षाला सुमारे ३० हजार डॉलर. यातला सर्वांत मोठा हिस्सा माणसांवर जातो: शिक्षकांचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार, आरोग्यविमा, पेन्शन. त्यामुळे ‘थोडी काटकसर करा’ म्हणणं सोपं आहे, पण पेन्सिली आणि कागद वाचवून या बजेटात काही फरक पडत नाही. काटकसर करायची तर माणूसच कमी करावा लागतो.

आता एक शब्द नीट समजून घ्यायला हवा, तो म्हणजे ‘लेव्ही’. डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या घरांकडून आणि दुकानांकडून मिळून शाळेसाठी जेवढी रक्कम गोळा करायची, ती लेव्ही. तुमचं बिल म्हणजे लेव्ही नव्हे. लेव्ही हा अख्खा भाकरीचा पिठाचा गोळा, आणि तुमच्या वाट्याला त्यातला किती येणार हे तुमच्या घराच्या सरकारी मूल्यांकनावर ठरतं. शेजाऱ्याने मूल्यांकनाविरुद्ध तक्रार करून त्याचा वाटा कमी करून घेतला, तर गोळा तेवढाच राहतो आणि बाकीच्यांचा वाटा किंचित वाढतो. शाळेने लेव्ही फक्त दीड टक्का वाढवली आणि तुमचं बिल पाच टक्क्यांनी वाढलं, असं होऊ शकतं. अशा वेळी लोक बोर्डाच्या सभेत जाऊन भांडतात, पण तक्रारीची खरी जागा मूल्यांकनाचं कार्यालय असते.

‘दोन टक्क्यांची मर्यादा आहे ना, मग बिल जास्त कसं वाढलं?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच. २०११ मध्ये कायदा झाला आणि २०१२-१३ पासून शाळांना लागू झाला. तो म्हणतो की लेव्ही एका वर्षात २ टक्के किंवा महागाईचा दर, यांतलं जे कमी असेल तेवढीच वाढवता येईल. २०१९ मध्ये हा कायदा कायमचा केला गेला. पण मर्यादा लेव्हीवर आहे, तुमच्या बिलावर नाही. शिवाय सूत्रात काही सवलती आहेत. डिस्ट्रिक्टमध्ये नवी घरं-दुकानं उभी राहिली, इमारतींचं मोठं बांधकाम चालू असलं, पेन्शनचा खर्च एकदम उसळला, तर प्रत्येक डिस्ट्रिक्टची मर्यादा वेगळी निघते. कोणाची १.४ टक्के, कोणाची ३.६. म्हणून पत्रकावर ३ टक्के वाढ दिसली तरी ती मर्यादेच्या आत असू शकते.

मर्यादेच्या आत राहिलं तर बजेट साध्या बहुमताने मंजूर होतं. मर्यादा ओलांडायची असेल तर ६० टक्के मतं लागतात. हजार लोकांनी मतदान केलं, ५९० जण ‘हो’ म्हणाले आणि ४१० ‘नाही’, तर मर्यादा ओलांडणारं बजेट पडलं. या एका तरतुदीमुळे बहुतेक बोर्डं मर्यादेबाहेर जातच नाहीत आणि दरवर्षी शंभरातली नव्वदहून जास्त बजेटं मंजूर होतात. ‘सगळीच पास होतात, मग मत कशाला द्यायचं’ असं मी पुष्कळांकडून ऐकलं आहे. बजेट पडायचं असतं तेव्हा ते कसं पडतं, ते पुढे सांगते.

तिसरा रकाना

माझ्या मते हा सगळ्यात कमी वाचला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना. ‘नाही’ला मत देणाऱ्या अनेकांना वाटतं की आपण कर कमी करायला सांगतोय. तसं नसतं.

मे महिन्यात बजेट पडलं तर बोर्डापुढे तीन वाटा असतात. तेच बजेट जून महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी पुन्हा मतदानाला ठेवायचं, किंवा कापून-छाटून नवं ठेवायचं, किंवा मतदान न घेता थेट ‘कंटिंजन्सी’ बजेटावर, म्हणजे तिसऱ्या रकान्यातल्या बजेटावर, जायचं. जूनमध्येही पडलं तर मग कंटिंजन्सीशिवाय पर्याय नाही. तिसरी संधी मिळत नाही. कंटिंजन्सीचा मुख्य नियम असा की लेव्ही गेल्या वर्षीइतकीच राहील, एक डॉलरही वाढणार नाही. म्हणजे ‘नाही’ जिंकलं तरी कर खाली येत नाही, तो आहे तिथे थांबतो. खर्च मात्र थांबत नाही, कारण पगारवाढीचे करार आधीच झालेले असतात आणि विम्याचे हप्ते वाढलेले असतात.

एक काल्पनिक डिस्ट्रिक्ट घेऊ. बजेट १० कोटी डॉलर, त्यातली लेव्ही ७ कोटी. पुढच्या वर्षी सगळं आहे तसं चालवायलाच ३० लाख जास्त लागणार आहेत. राज्याचं अनुदान १० लाखांनी वाढलं, शिलकीतून ६ लाख काढले, उरलेले १४ लाख लेव्हीतून. ७ कोटींवर १४ लाख म्हणजे २ टक्के. ज्या घराचा शाळेचा कर १० हजार डॉलर आहे, त्याला वर्षाला साधारण २०० डॉलर जास्त, म्हणजे महिन्याला सतरा. बजेट पडलं तर त्या घराचे २०० डॉलर वाचले, पण शाळेत १४ लाखांचं भगदाड पडलं. पगार आणि विमा धरून एका शिक्षकामागे एक लाख डॉलर धरले तर चौदा शिक्षक. तेवढे शिक्षक कमी केले की चौथीच्या वर्गात बावीसऐवजी सत्तावीस मुलं बसतात.

कंटिंजन्सीत आणखीही काही अडचणी येतात. जीवित-सुरक्षेसाठी नसलेली बहुतेक यंत्रसामग्री घेता येत नाही. आणि बाहेरच्या संस्थांना शाळेची इमारत फुकट वापरायला देता येत नाही, खर्च घ्यावाच लागतो. शनिवारी शाळेच्या सभागृहात होणारे कार्यक्रम, मुलांच्या क्रीडासंघांचा सराव, सगळ्यांवर परिणाम होतो. खेळ, संगीत किंवा क्लब कायद्याने बंद होत नाहीत. पण लेव्ही गोठल्यावर कात्री चालवायची कुठे हा प्रश्न येतो, आणि कायद्याने सक्तीचं जे नाही तिथेच ती आधी चालते.

आमच्याकडे एका वर्षी मार्च महिन्याच्या मसुद्यात ‘लेट बस’ कापली होती. ही बस म्हणजे शाळा सुटल्यावर क्लबसाठी किंवा जादा अभ्यासासाठी थांबलेल्या मुलांना पाचच्या सुमाराला घरी सोडणारी दुसरी फेरी. मसुद्यात ती एकच ओळ होती, वाहतूक या सदरात, दीडशे पानांच्या कागदात कुठेतरी. ज्या घरात आई किंवा बाबा घरी असतात त्यांना तिचं काही नाही. पण दोघंही मॅनहॅटनला नोकरीला आणि लाँग आयलंड रेलरोडने परत यायला सात वाजत असतील, तर ती बस नसणं म्हणजे मुलाने क्लब सोडणं. तेव्हा आम्ही नागरिक नव्हतो, मत नव्हतं. पण बोर्डाच्या सभेत बोलायला मत लागत नाही. प्रत्येकाला तीन मिनिटं. आम्ही अकरा जणी गेलो होतो. दोघी मराठी, चौघी गुजराती, बाकी कोरियन आणि एल साल्वादोरच्या. हॉटेलात रात्रपाळी करणाऱ्या एकीने मुलीला दुभाषी करून आपलं म्हणणं मांडलं, आणि ती मुलगीच त्या बसने रोज घरी जाणारी होती. एप्रिलमध्ये बोर्डाने मंजूर केलेल्या मसुद्यात बस होती. आमच्यामुळेच ती राहिली असा माझा दावा नाही. पण त्या एका ओळीच्या मागे कोण उभं आहे हे टेबलापलीकडच्या सात जणांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, एवढं मी खात्रीने सांगते.

म्हणून वेळापत्रक माहीत असायला हवं. सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळांचे मुख्य अधिकारी, हिवाळ्यातच मसुदा करायला घेतात. जानेवारीत गव्हर्नर राज्याचं प्रस्तावित बजेट मांडतात, त्यावरून अनुदानाचा अंदाज येतो. राज्याचं बजेट १ एप्रिलपर्यंत व्हायला हवं, पण ते रेंगाळतं. २०२५ मध्ये तर मे उजाडला. शाळांना मात्र एप्रिलमध्येच आकडा पक्का करावा लागतो, म्हणजे किती अनुदान येणार हे ठाऊक नसताना. मतदानाच्या एक ते दोन आठवडे आधी जाहीर सुनावणी होते. तोपर्यंत बजेट ठरून गेलेलं असतं, तिथे बोलून ओळी बदलत नाहीत. बदल हवा असेल तर फेब्रुवारी-मार्चच्या सभांना जायला हवं. मे महिन्यात राहतं ते फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’.

वीस मतांची ताकद

जवळच्या न्यू हॅम्पशायर राज्यात क्रॉयडन नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथली पद्धत खऱ्या ग्रामसभेची: मार्च महिन्यात गावकरी जमतात आणि जागच्या जागी ठरवतात. २०२२ च्या मार्चमध्ये हिमवर्षाव झालेल्या दिवशी ही सभा भरली. शाळेचं बजेट १७ लाख डॉलरचं होतं. एका रहिवाशाने उठून सूचना मांडली की ते ८ लाख करावं. मत घेतलं तेव्हा बाजूने वीस आणि विरुद्ध चौदा. चौतीस माणसांनी गावातल्या मुलांच्या शिक्षणाचा पैसा निम्म्याहून खाली आणला.

दुसऱ्या दिवशी गाव जागं झालं. विशेष सभा बोलावता येत होती, पण निर्णय फिरवायचा तर निम्म्या मतदारांनी हजर राहायला हवं होतं, म्हणजे २८३ जणांनी. पुढचे दोन महिने लोक दारोदार फिरले, फोन केले, पत्रं वाटली. मे महिन्यात सभा भरली आणि मत पडलं: जुनं बजेट परत आणण्याच्या बाजूने ३७७, विरुद्ध २. मार्चमध्ये जे साडेतीनशे लोक घरी बसले होते, त्यांचंच मत गावाचं खरं मत होतं. मला हे आकडे पाठ झाले आहेत, कारण कोणी ‘माझ्या एका मताने काय होतंय’ म्हटलं की मी हेच सांगते.

न्यूयॉर्कमध्ये याच्या उलट बाजूचा अनुभव २०२० मध्ये आला. कोव्हिडमुळे मे महिन्याचं मतदान पुढे ढकलून ९ जून केलं गेलं आणि सगळ्या पात्र मतदारांना मतपत्रिका टपालाने घरी पाठवल्या गेल्या, परतीचा लिफाफा आत घालून. मतदान एकदम खूप वाढलं. लोकांना शाळेचं पडलेलं नसतं असं नाही. मंगळवारी कामावरून परत आल्यावर शाळेच्या जिममध्ये जायचं त्यांच्या लक्षात राहत नाही.

बोर्ड: ज्याकडे आपण बघतच नाही

त्याच मतपत्रिकेवर स्कूल बोर्डाचे उमेदवार असतात. बजेटला मत देऊन ही नावं कोरी सोडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. बजेट हा परिणाम आहे, कारण तिकडे आहे. शिक्षकसंघटनेशी चार-पाच वर्षांचा करार कोण मंजूर करतं? बोर्ड. सुपरिंटेंडंटची नेमणूक कोण करतं? बोर्ड. कुठली शाळा बंद करायची, हद्दी कशा बदलायच्या, शिल्लक किती ठेवायची? बोर्ड. मे महिन्यात आपल्यासमोर येणाऱ्या आकड्याचा मोठा भाग बोर्डाने आधीच बांधून टाकलेला असतो.

बोर्डावर बहुतेक ठिकाणी पाच, सात किंवा नऊ सदस्य असतात आणि मुदत तीन ते पाच वर्षांची. पगार नाही. मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह नाही, डेमोक्रॅट-रिपब्लिकन असं काही लिहिलेलं नसतं. उभं राहायला बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये किमान २५ मतदारांच्या सह्या लागतात, किंवा मागच्या वेळी मतदान केलेल्यांच्या २ टक्के, यांतला जो आकडा मोठा तो. डिस्ट्रिक्टचा कर्मचारी बोर्डावर बसू शकत नाही. पंचवीस सह्या म्हणजे गणेशोत्सवाला एका हॉलमध्ये जमणाऱ्या माणसांच्या निम्म्याही नव्हेत. आपल्या मंडळींपैकी पुष्कळ जण हिशेबात, ऑडिटमध्ये, प्रकल्प चालवण्यात मुरलेले आहेत. बोर्डाला नेमकी हीच माणसं हवी असतात.

बोर्ड कोणाचं आहे याने काय फरक पडतो, हे रॉकलंड काउंटीतल्या ईस्ट रमापो डिस्ट्रिक्टमध्ये दिसलं. तिथे सरकारी शाळेत जाणारी मुलं प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांतली, आणि मतदारांत मोठी संख्या अशा लोकांची ज्यांची मुलं खासगी धार्मिक शाळांत जातात. सगळ्या जागा सगळ्या डिस्ट्रिक्टने मिळून निवडायच्या अशी पद्धत असल्यामुळे, सरकारी शाळांच्या पालकांचे उमेदवार वर्षानुवर्षं पडत राहिले. २०१७ मध्ये एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेने आणि काही मतदारांनी खटला भरला. २०२० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की या पद्धतीने १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा भंग होतो, आणि पुढच्या वर्षी अपिलातही तो टिकला. मग तिथे आपल्या महापालिकेसारखे नऊ वॉर्ड पाडले गेले. मुलं एका गटाची आणि मतं दुसऱ्या गटाची असली की शाळेचं काय होतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मत कोणाला आहे

नियम साधा आहे. अमेरिकेचा नागरिक, वय १८ पूर्ण, आणि मतदानाच्या आधी किमान ३० दिवस डिस्ट्रिक्टमध्ये राहणारा. मूल शाळेत असायला हवं असं नाही. घर मालकीचं असायला हवं असंही नाही, भाडेकरूलाही मत आहे.

हे नेहमी असं नव्हतं. १९६० च्या दशकात नासाऊ काउंटीत एकतीस वर्षांचा एक शेअर दलाल आईवडिलांच्या घरी राहत होता. लग्न झालेलं नाही, मूल नाही, घर नावावर नाही. देशाच्या निवडणुकीत त्याचं मत चालत होतं, पण शाळेच्या निवडणुकीत नाही, कारण राज्याच्या कायद्याने ते करपात्र मालमत्तेचे मालक, भाडेकरू आणि शाळेत मूल असलेले पालक यांच्यापुरतंच ठेवलं होतं. क्रेमर हे त्याचं नाव. त्याने दावा लावला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ मध्ये तो जिंकला. शाळेचा प्रश्न फक्त पालकांचा आणि घरमालकांचा नसतो, हे त्या निकालाने मान्य केलं. आणि त्याही आधी, १८८० मध्ये, न्यूयॉर्कमधल्या बायकांना पहिल्यांदा जे मत मिळालं ते शाळेच्या निवडणुकीतलंच. बाकीच्या निवडणुकांसाठी त्यांना १९१७ पर्यंत थांबावं लागलं.

आपल्यापैकी जे एच-वन व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत, त्यांना मत नाही. कर भरता, मुलं शाळेत आहेत, तरी नाही. हे मला खुपतं, आणि पुष्कळ वर्षं खुपत होतं. न्यूयॉर्क शहरात १९७० पासून जवळपास तीस वर्षं स्थानिक स्कूल बोर्डांच्या निवडणुकीत शाळकरी मुलांच्या पालकांना नागरिक नसतानाही मत होतं. ती बोर्डंच रद्द झाली आणि तो हक्क गेला. आज मात्र एक गोष्ट कळकळीने सांगते: नागरिक नसाल तर टेबलावर बसलेल्या स्वयंसेवकाने ‘या, सही करा’ म्हटलं तरी मत देऊ नका. काही लहान डिस्ट्रिक्टमध्ये आधी नावनोंदणीही लागत नाही, त्यामुळे गैरसमज सहज होतो. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते महागात पडतं. सभेत बोला, पीटीएत (पालक-शिक्षक संघटनेत) जा, बोर्डाला पत्र लिहा, नागरिक झालेल्या शेजाऱ्याला त्या दिवशी आठवण करा.

सगळीकडे हे मतदान नाही, तेही सांगायला हवं. न्यूयॉर्क शहर, बफेलो, रोचेस्टर, सिरॅक्यूज आणि यॉन्कर्स या पाच मोठ्या शहरांत शाळांचा पैसा शहराच्या बजेटातून येतो, त्यामुळे तिथे शाळेच्या बजेटवर मतदान होत नाही. क्वीन्समध्ये राहणारी माझी मैत्रीण आणि पाच मैलांवर नासाऊत राहणारी मी, आमच्यात हा फरक आहे. न्यू जर्सीत, जिथे आपली मंडळी पुष्कळ आहेत, २०१२ च्या कायद्यानंतर बहुतेक डिस्ट्रिक्टनी बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरला नेली. बजेट मर्यादेत असेल तर त्यावर तिथे मतदानच होत नाही.

मतपत्रिकेवर बजेट आणि बोर्डाखेरीज इतरही ठराव असतात: सार्वजनिक वाचनालयाचा कर, इमारतीसाठी राखीव निधी, बसखरेदी. २०२२ च्या न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने २०२७ पासून नव्या शालेय बस विजेच्या घ्यायच्या आणि २०३५ पर्यंत सगळ्याच तशा करायच्या असं ठरवलं, त्यामुळे बसच्या ठरावांवर हल्ली जोरात वाद होतात. ते पाडणाऱ्यांत मुलांचं वाईट चिंतणारे कोणी नसतात, खर्च कोण देणार ही त्यांची खरी काळजी असते.

आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी राहतात. मुलं मोठी होऊन केव्हाच दुसऱ्या राज्यांत गेली, नवरा नाही, पेन्शनवर घर चालतं. पासष्ट वर्षांवरच्या आणि उत्पन्न मर्यादेत असलेल्या घरमालकांना ‘एन्हान्स्ड स्टार’ नावाची सवलत मिळते, तरीही शाळेचा कर त्यांना जड जातो. माझ्या काल्पनिक उदाहरणातले २०० डॉलर त्यांच्यासाठी दोन-तीन आठवड्यांचा किराणा आहे. त्या काही वर्षं ‘नाही’ला मत देतात आणि मला तसं सांगतातही. मी वाद घालत नाही. गेल्या वर्षी फ्रिजवरचं पत्रक काढून त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं, आणि आम्ही दोघींनी तिन्ही रकाने पेन्सिलीने शेजारी शेजारी लिहिले. त्यांना तिसरा रकाना माहीत नव्हता. ‘नाही’ म्हटलं तर बिल कमी होईल असंच त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. त्यांनी कोणतं मत दिलं ते मी विचारलं नाही. संध्याकाळी सात वाजता आम्ही एकाच गाडीतून शाळेच्या जिममध्ये गेलो. मुलांनी लावलेल्या केकच्या टेबलावरून त्यांनी दोन ब्राउनी घेतल्या आणि एक माझ्या लेकीसाठी पिशवीत टाकली.

निकाल त्याच रात्री लागतो. मतदान संपलं की डिस्ट्रिक्टचे क्लार्क यंत्रातून निघालेल्या लांब पट्टीवरचे आकडे तिथेच वाचून दाखवतात: बजेट, मग ठराव, मग बोर्डाच्या नावांपुढची मतं. ऐकायला जेमतेम वीस-पंचवीस जण थांबलेले असतात. नवं वर्ष १ जुलैला सुरू होतं, आणि नासाऊत बिलाचा पहिला हप्ता ऑक्टोबरमध्ये भरायचा असतो.